संस्थेची मर्यादा आणि सभासदाची वाणी

सोलापूर जिल्ह्यांतील अक्कलकोट तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेला लागून, दुधनी हें व्यापारी गांव आहे. मुंबईहून पुणें, सोलापूर करीत कलबुरगी व वाडीकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो. तूर व इतर कडधान्यें विकण्यासाठीं भोंवतालचे शेतकरी येथें येतात. बाजारांत कानडी व मराठी या दोन्ही भाषा एकाच दमांत कानीं पडतात. अशा गांवांत शब्द जपून वापरावा लागतो. एका भाषेंतील थट्टा दुसऱ्या भाषेंत अपमान ठरण्यास वेळ लागत नाहीं, आणि दुकानांत बोललेला शब्द देवळाच्या पंचांपर्यंत जाऊन पोंचतो.

या प्रदेशाला वाणीच्या संयमाची शिकवण नवी नाहीं. बाराव्या शतकांत कल्याण येथें, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, बसवेश्वरांनीं जो मार्ग सांगितला, त्यांत चोरी, हिंसा व असत्य यांच्या जोडीनें क्रोध, आत्मस्तुति व परनिंदा यांचाहि निषेध आहे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच शरणपरंपरेंतले. परंतु ही शिकवण प्रत्येकाच्या अंतःकरणाला उद्देशून आहे. अनेक माणसें मिळून एखादें कार्य उभारतात, तेव्हां प्रश्न निराळा होतो. सभासद आपल्या घरीं, आपल्या पत्रांत, आपल्या नांवानें जें बोलतो, त्याचा जाब संस्थेनें त्याला विचारावा काय? आणि संस्थेनें विचारला नाहीं, पण जगानें संस्थेलाच विचारला, तर तिनें काय करावें?

हा प्रश्न अलीकडे पुन्हा मोठ्या आवाजांत विचारला जात आहे, आणि तो जेथें विचारला जातो तें क्षेत्र दुधनीच्या आडत्याच्या खिशापर्यंत येऊन पोंचलेलें आहे. सोलापूरचा भाव तो ज्या मोबाइलवर पाहतो, तसे बहुतेक मोबाइल अँड्रॉइड नांवाच्या प्रणालीवर चालतात, आणि अँड्रॉइडच्या मुळाशीं लिनक्स हें सॉफ्टवेअर आहे. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. पुढें जगांतील हजारों लोकांनीं त्यांत भर घातली. कोणी पगार घेऊन, कोणी केवळ हौसेनें. या पद्धतीला ओपन सोर्स म्हणतात. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा मूळ मसुदा तींत सर्वांना खुला असतो. तो कोणीहि वाचावा, सुधारावा, आणि इतरांशीं पटेनासें झालें तर त्याची प्रत घेऊन आपला वेगळा फांटा काढावा, अशी मुभा परवान्यांतच दिलेली असते.

असें काम पत्रव्यवहारानें चालतें. ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं, ते एकमेकांच्या कामांतील दोष दाखवीत असतात. टॉरवल्ड्स यांची भाषा या बाबतींत फार जहाल असे. अखेर १६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्यांनीं आपल्या कठोर बोलण्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली व कांहीं काळ कामापासून दूर राहण्याचें ठरविलें. त्याच वेळीं लिनक्सनें रीतसर आचारसंहिता स्वीकारली. तिचा नमुना कोरलिन एडा एम्के यांनीं २०१४ सालीं तयार केलेला होता व तोंवर पुष्कळ प्रकल्पांनीं तो उचललाहि होता.

कामाच्या जागीं शिवीगाळ नको, एवढें बहुतेकांस पटण्यासारखें होतें. खरा वाद त्याच्या पुढचा. २०१५ सालीं ओपल नांवाच्या प्रकल्पांतील एका कार्यकर्त्यानें आपल्या खाजगी खात्यावर तृतीयपंथी लोकांसंबंधीं कांहीं मत लिहिलें. तें प्रकल्पाच्या जागीं लिहिलेलें नव्हतें. तरीहि त्याला प्रकल्पांतून काढावें अशी मागणी बाहेरून आली आणि मोठें वादळ उठलें. त्याला काढण्यांत आलें नाहीं. त्याच्या आदल्या वर्षींचें उदाहरण याहून मोठें आहे. ब्रेंडन आइक हे मोझिला या संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक. २४ मार्च २०१४ रोजीं ते तिच्या कंपनीचे मुख्य अधिकारी झाले. २००८ सालीं त्यांनीं कॅलिफोर्नियांतील समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला स्वतःच्या खिशांतून १००० डॉलर दिले होते. त्यावरून उठलेल्या गदारोळांत ३ एप्रिल रोजीं त्यांनीं पद सोडलें. एकाला वाटलें, मतासाठीं माणसाचा बळी घेतला. दुसऱ्याला वाटलें, ज्याच्या हाताखालीं आपण काम करावयाचें त्याचें मत आपल्या संसाराविरुद्ध असूं नये, एवढीच आपली मागणी होती.

हा सर्व प्रकार नव्या यंत्रांनीं आणलेला आहे असें वाटणें साहजिक आहे. पण दुधनीवरून जाणाऱ्या याच लोहमार्गावर, पुणें शहरांत, सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथें संगणक नव्हता. एक शाळा होती आणि दोन वृत्तपत्रें होतीं. परंतु थोड्या वेतनांत, स्वेच्छेनें, लोकांसाठीं काम करणाऱ्या बुद्धिमान तरुणांचा मेळा तोच होता, आणि त्यांच्यांतील भांडणहि तेंच होतें.

१८८० सालच्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. त्यासाठीं त्यांनीं सरकारी नोकरी सोडली होती. बाळ गंगाधर टिळक आरंभापासून त्यांच्याबरोबर होते. टिळकांचे डेक्कन कॉलेजांतील मित्र गोपाळ गणेश आगरकर एम्. ए. होऊन पुढच्या वर्षीं येऊन मिळाले. दोघांचाहि जन्म १८५६ चा. महादेव बल्लाळ नामजोशी हे संस्थेचे खटपटी गृहस्थ, आणि संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे हे शाळेचे कर्तबगार चालक. सरकारी नोकरींत यांपैकीं कोणालाहि सहज मोठा पगार मिळाला असता. १८८१ च्या जानेवारींत याच मंडळींनीं इंग्रजींत 'मराठा' व मराठींत 'केसरी' हीं पत्रें सुरू केलीं. 'केसरी'चें संपादन आगरकरांकडे आलें.

शाळा आणि पत्रें हीं दोन कार्यें होतीं, पण माणसें एकच होतीं. येथेंच पुढील तंट्याचें बीज होतें. त्याचा पहिला चटका लवकरच बसला. कोल्हापूरच्या महाराजांना होणाऱ्या जाचासंबंधीं दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर या पत्रांनीं टीका केली. ज्या कागदपत्रांवर ती टीका आधारली होती, तीं बनावट ठरलीं. १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. शिक्षकांनीं पत्रांत लिहिलें आणि शाळेचे दोन शिक्षक वर्गांतून नाहींसे झाले. लेखणी जरी शाळेच्या फाटकाबाहेर चालली, तरी तिचें फळ फाटकाच्या आंत येतें, हें त्या वेळींच सर्वांस दिसलें. परंतु तेव्हां दोघे एका बाजूचे होते. लोकांनीं त्यांची मिरवणूक काढली, आणि प्रश्न गौरवाखालीं झांकला गेला.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजीं या मंडळींनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. संस्थेचा कणा म्हणजे तिचे आजीव सदस्य. वीस वर्षें संस्थेची सेवा करावयाची, अशी त्यांची प्रतिज्ञा असे. वेतन अल्प, पुढें तें दरमहा ७५ रुपये ठरलें. कोणी किती तास शिकवावें, कोणता विषय घ्यावा, पैसा कसा जमवावा, याचे नियम हळूहळू होत गेले. पण सदस्यानें बाहेर काय बोलावें व काय लिहावें, याविषयीं स्पष्ट असें कांहीं ठरलेलें नव्हतें. मित्रांच्या मंडळांत असा नियम करणें अनेकदां अविश्वासासारखें वाटतें. म्हणून तो होत नाहीं, आणि मग त्याची गरज पडते तेव्हां मैत्री उरलेली नसते.

त्याच वर्षीं, १८८४ मध्यें, मुंबईचे बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. सरकारनें यांत हात घालावा कीं नाहीं, हा वाद देशभर सुरू झाला. आगरकर म्हणत कीं, अन्याय डोळ्यांपुढें चाललेला असतांना समाज स्वतः सुधारेपर्यंत वाट पाहात बसणें म्हणजे दुबळ्यांवर आणखी एक पिढी जुलूम होऊं देणें होय; तेव्हां कायद्याची मदत घ्यावी. टिळक म्हणत कीं, परक्या सरकारच्या हातीं आपल्या घराची किल्ली देऊं नये. सुधारणा शिक्षणानें व लोकांच्या संमतीनें व्हावी. दोघांच्याहि मनांत लोकांचेंच हित होतें. पण 'केसरी'तील अग्रलेखांवर लेखकाचें नांव नसे. जें छापलें जाई तें 'केसरी'चें मत, म्हणजे सर्वांचें मत, असें वाचक धरून चालत. आगरकरांनीं स्वतःचें मत लिहिलें तर तें टिळकांच्या तोंडीं पडे. आणि टिळकांचें मत छापावें तर संपादक आगरकरांनीं आपल्या हातानें आपल्या विवेकाविरुद्ध लिहावें, असें होई.

हें फार काळ चालणें शक्य नव्हतें. १८८७ च्या ऑक्टोबरांत आगरकर 'केसरी'पासून दूर झाले. एका वर्षानें, १८८८ च्या ऑक्टोबरांत, त्यांनीं 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू प्रथम गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सांभाळली. आजच्या ओपन सोर्सच्या भाषेंत बोलावयाचें तर 'केसरी'ला फांटा फुटला. दोन मतें एका पत्रांत मावत नव्हतीं, म्हणून दोन पत्रें झालीं. मराठी वाचकाचें यांत नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. त्याला दोन्ही बाजू, दोन समर्थ लेखण्यांतून, दर आठवड्यास वाचावयास मिळाल्या. पण वादाची भाषा मात्र घसरत गेली. कालपर्यंत एका तुरुंगांत राहिलेले दोन मित्र एकमेकांना छापील शब्दांनीं घायाळ करूं लागले, आणि त्यांचे अनुयायी तर त्यांच्याहि पुढें गेले. सनातनी लोकांनीं आगरकरांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

पत्राला फांटा काढतां आला. शाळेला तो काढतां येईना. पत्राला छापखाना, कागद आणि लिहिणारा हात पुरे. कॉलेजाला इमारत, निधि, विद्यार्थी आणि लोकांचा विश्वास लागतो, आणि यांपैकीं कशाचीहि दुसरी प्रत निघत नाहीं. 'केसरी' आणि 'सुधारक' यांत रोज झगडणारे हे गृहस्थ दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच दाराने आंत येऊन एकाच संस्थेंत शिकवीत होते, आणि एकाच मंडळांत बसून तिचे ठराव करीत होते. ज्या पालकांनीं मुलें पाठविलीं व ज्या दात्यांनीं पैसे दिले, त्यांपैकीं पुष्कळ जुन्या वळणाचे होते. आगरकरांचा लेख वाचून त्यांचा रोष संस्थेवर झाला तर काय, ही काळजी खोटी नव्हती. उलट, पालकांच्या रोषाला भिऊन शिक्षकानें आपलें मत गिळावें काय, हा आगरकरांच्या बाजूचा प्रश्नहि खोटा नव्हता.

मंडळांतील तंटा मात्र मतस्वातंत्र्याच्या नांवानें झाला नाहीं. तो वेतनवाढ, मिळकत आणि वेळ यांवरून झाला. टिळकांचें म्हणणें असें कीं, संस्थेचा मूळ दंडक सर्वस्व देण्याचा आहे. जेसुइट पंथाचे लोक जसे आपल्या कार्याबाहेर कांहींच स्वतःचें ठेवीत नाहींत, तसें आजीव सदस्यानें राहिलें पाहिजे. बाहेरचीं कामें, बाहेरची प्राप्ति, बाहेरचीं पदें यांत त्यानें शिरूं नये. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, नेमून दिलेलें काम नीट केलें म्हणजे उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यांत कोणी पुस्तकें लिहील, कोणी सभा चालवील, कोणी पत्र काढील. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें तेव्हां हा वाद कळसास पोंचला. टिळकांनीं त्यास हरकत घेतली. पण बहुमत त्यांच्या बाजूचें नव्हतें. डिसेंबर १८९० मध्यें त्यांनीं आपलें राजीनाम्याचें लांबलचक पत्र लिहिलें, त्यांत संस्थेच्या साऱ्या अंतर्गत कलहाचा इतिहास सांगितला, आणि ज्या संस्थेचा पाया त्यांनीं इतरांबरोबर घातला होता तिच्यांतून ते बाहेर पडले. 'केसरी'नें आगरकर गमावले, आणि शाळेनें टिळक गमावले.

या प्रसंगीं कोण बरोबर होतें, हें शंभरदां चर्चिलें गेलें आहे. येथें दुसरी गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. टिळकांचा दंडक वेळेचा व निष्ठेचा होता. पण त्याखालीं सभासदाची वाणीहि सांपडत होती. सर्व वेळ संस्थेचा, असें एकदां म्हटलें कीं सर्व बोलणेंहि संस्थेचेंच होतें. खाजगी बोलण्याला जागाच उरत नाहीं. दुसऱ्या पक्षाचा नियम उदार होता. पण जग सभासदाचें खाजगी बोलणें आणि संस्थेचें बोलणें वेगळें मानीत नाहीं, याची सोय त्यांत नव्हती. एकानें सभासदाला जागा ठेवली नाहीं, दुसऱ्यानें संस्थेला कवच ठेवलें नाहीं.

टिळक गेल्यावर जें घडलें, त्यावरून संस्थेनें कोणती रेषा मानली तें दिसतें. गणिताची जागा रिकामी झाली तेव्हां गोखल्यांनीं धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतलें. १८९१ च्या अखेरीस कर्वे आले, पुढें आजीव सदस्य झाले, आणि १८९३ च्या मार्चमध्यें त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला. त्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. संस्थेनें मात्र त्यांना दूर केलें नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. तो चालवितांनाहि ते कॉलेजांत गणित शिकवीतच होते, आणि १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. आपट्यांच्या मृत्यूनंतर १८९२ सालीं आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. 'सुधारक'मधील त्यांचें लिखाण त्यासाठीं थांबलें नाहीं. १७ जून १८९५ रोजीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. 'केसरी'त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. सात वर्षें ज्यांनीं एकमेकांना शब्दांनीं दुखविलें, त्यांतील एकाला दुसऱ्याविषयीं चांगलें लिहिण्यासाठीं दुसऱ्याच्या मृत्यूपर्यंत थांबावें लागलें, ही या कथेंतील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

बाहेर बोललेला शब्द किती महाग पडतो, याचा अनुभव गोखल्यांना १८९७ मध्यें आला. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते इंग्लंडला गेले होते. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचीं पत्रें त्यांना मित्रांकडून आलीं. त्यांवर विसंबून त्यांनीं तेथील वृत्तपत्राला तें सांगितलें. सरकारनें पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतां पुरावा हातीं लागेना, आणि ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांचीं नांवें उघड करावयास गोखले तयार नव्हते. तेव्हां त्यांनीं जाहीर क्षमा मागितली. इंग्लंडांत ते कॉलेजचे प्रतिनिधि म्हणून गेलेले नव्हते. तरी पुण्यांत जी मानहानि झाली ती एकट्या गोखल्यांची राहिली नाहीं. क्षमा मागितल्याबद्दल स्वकीयांनींहि त्यांना भ्याड म्हटलें. ते कॉलेजांत राहिले व १९०२ पर्यंत शिकवीत होते.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण आहे. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली. तींत फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर पुढें होता. प्रिन्सिपॉल रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं त्याला १० रुपये दंड केला व वसतिगृहांतून काढलें. 'केसरी'नें त्यावर कडक टीका केली. ज्या संस्थेनें कर्व्यांचा विवाह आणि आगरकरांचा 'सुधारक' सहन केला, तिला विद्यार्थ्याची होळी सहन झाली नाहीं. नियम करणाऱ्याला स्वतःच्या मताच्या बाजूचें बोलणें खाजगी वाटतें, आणि विरुद्ध बाजूचें बोलणें संस्थेला घातक वाटतें. हा दोष पुण्याचाच आहे असें नाहीं. आजच्या प्रकल्पांतहि तोच आरोप दोन्हीकडून ऐकूं येतो.

त्याच १९०५ सालीं, १२ जून रोजीं, गोखल्यांनीं पुण्यांत भारत सेवक समाज स्थापिला. पंधरा वर्षांपूर्वींच्या तंट्याचे ते साक्षी व पक्षकारहि होते. या वेळीं नियम मैत्रीवर सोडलेले नव्हते. सभासदानें प्रवेशाच्या वेळीं सात प्रतिज्ञा करावयाच्या होत्या. जातिधर्माचा भेद न करतां सर्व भारतीयांना बंधु मानावें, आपलें वैयक्तिक जीवन शुद्ध ठेवावें, आपल्यासाठीं व कुटुंबासाठीं समाज जें देईल त्यांत समाधान मानावें, असे त्यांचे विषय होते. आणि त्यांतच कोणाशींहि वैयक्तिक भांडण करणार नाहीं, अशी एक प्रतिज्ञा होती. आधीं पांच वर्षें उमेदवारी, मग पूर्ण सभासदत्व. 'केसरी' व 'सुधारक' यांची चकमक ज्यानें जवळून पाहिली, त्याच्या हातून हें कलम उतरलें, यांत आश्चर्य नाहीं. त्यानें मताला बंदी केली नाहीं. मतावरून माणसावर जाण्याला बंदी केली.

पण लेखी नियमानें प्रत्येक अडचण सुटते, असेंहि नाहीं. १९१५ च्या जानेवारींत मोहनदास करमचंद गांधी आफ्रिकेंतून परत आले. त्यांनीं या समाजांत यावें अशी गोखल्यांची इच्छा होती. एक वर्ष देश पाहावा आणि तोंवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊं नये, असें वचन गोखल्यांनीं त्यांच्याकडून घेतलें होतें. १९ फेब्रुवारीस गोखले वारले. गांधींचीं मतें, विशेषतः आधुनिक सुधारणेविषयींचीं, समाजाच्या कांहीं सभासदांना पटणारीं नव्हतीं. त्यांच्यांत दोन तट पडले. हें पाहून गांधींनीं आपला अर्ज आपणच परत घेतला. दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच वेगळें होण्यांत कटुता राहिली नाहीं. समाजाशीं त्यांचें सौजन्य टिकलें, आणि त्यांनीं आपलें कार्य अहमदाबादेस सुरू केलें. जो फांटा १८८७ मध्यें भांडणानें फुटला, तसाच १९१५ मध्यें नमस्कारानें फुटला.

हा इतिहास आजच्या लिनक्सच्या किंवा मोझिलाच्या मंडळींनीं वाचलेला असण्याचा संभव थोडा. तरी फिरून फिरून तेहि त्याच जागीं आलेले दिसतात. लिनक्सनें स्वीकारलेल्या आचारसंहितेंत एक कलम असें आहे कीं, ती प्रकल्पाच्या जागेंत लागू आहे, आणि बाहेर सभासद जेव्हां प्रकल्पाचा प्रतिनिधि म्हणून वागतो तेव्हांहि लागू आहे. म्हणजे प्रश्न मत कोणतें हा नसून, तें कोणत्या नांवानें व कोणत्या जागेंत बोललें गेलें, हा आहे. 'केसरी'च्या निनावी अग्रलेखाखालीं जर १८८५ सालीं लेखकाची सही असती, तर कदाचित् त्या पत्रांत दोन मतें कांहीं काळ अधिक नांदलीं असतीं. 'सुधारक' स्वतंत्र झाल्यावर आगरकर प्रिन्सिपॉल राहूं शकले, याचें कारण तेंच. लोकांना ठाऊक होतें कीं, 'सुधारक' म्हणजे आगरकर; कॉलेज म्हणजे आगरकर नव्हेत.

मात्र या रेषेची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. माणूस जसजसा संस्थेच्या शिखराकडे जातो, तसतसें त्याचें खाजगी नांव त्याच्यापासून सुटत जातें. आइक यांची देणगी सहा वर्षांपूर्वींची व स्वतःच्या पैशाची होती. ते प्रमुख नसतांना ती निभावली, प्रमुख झाल्यावर निभावली नाहीं. गोखल्यांचा इंग्लंडमधील शब्द त्यांच्या एकट्याचा राहिला नाहीं, याचेंहि कारण हेंच. आगरकर याला अपवाद ठरले, पण त्यासाठीं त्यांना किंमत द्यावी लागली, आणि संस्थेनेंहि ती किंमत सोसण्याचें धैर्य दाखविलें. धैर्याची जागा कोणतेंहि कलम घेऊं शकत नाहीं.

दुधनीसारख्या गांवांत वाचनालयाची समिति असते, उत्सवमंडळ असतें, सहकारी सोसायटी असते. तेथें कानडी बोलणारे व मराठी बोलणारे एका सतरंजीवर बसतात, आणि सीमेच्या प्रश्नापासून निवडणुकीपर्यंत ज्याचें त्याचें मत असतें. आतां तें मत चावडीवर राहत नाहीं. मोबाइलवरून तें क्षणांत तालुकाभर पसरतें, आणि बोलणाऱ्याच्या नांवाशेजारीं संस्थेचेंहि नांव वाचलें जातें. अशा मंडळांनीं भांडण होण्यापूर्वीं, सर्वांची मैत्री शाबूत असतांनाच, दोन ओळी लिहून ठेवाव्या: संस्थेच्या नांवानें कोणी बोलावें, आणि आपल्या नांवानें बोलणाऱ्याला संस्थेनें केव्हां हटकावें. त्यांत मताची चौकशी नसावी. सहकाऱ्याच्या अब्रूला हात लावण्याची मनाई मात्र असावी. टिळक आणि आगरकर यांच्यासारख्या माणसांना अशा दोन ओळी वेळेवर सुचल्या नाहींत. मित्रांमध्यें त्यांची गरज पडेल असें त्यांपैकीं कोणालाहि १८८० सालीं वाटलें नव्हतें.